ऑडिट लॉगची मुदत आणि डेटाची मुदत एकच ठेवावी का?

फाईलकपाट यांचा प्रश्न:

ऑर्डर, ग्राहक आणि बिलं सांभाळणारं आमचं स्वतःचं सॉफ्टवेअर आहे, खाली पोस्टग्रेस हा डेटाबेस. ॲडमिन स्क्रीनवरून कोणाचा रोल बदलला, ग्राहकाची माहिती दुरुस्त केली, रेकॉर्ड उडवलं किंवा एक्सपोर्ट घेतला की ऑडिट टेबलात नोंद पडते: कोणी, कधी, आधी काय होतं, नंतर काय झालं. दिवसाला साधारण 2 लाख नोंदी. मेल आणि फाइल्स मायक्रोसॉफ्ट 365 वर आहेत.

रिटेन्शन पॉलिसीच्या (कोणता डेटा किती काळ ठेवायचा या नियमांच्या) मसुद्यात सध्या एकच ओळ आहे: "ग्राहकांचा डेटा 3 वर्षं ठेवला जाईल, त्यानंतर डिलीट होईल, ऑडिट लॉगलाही हीच मुदत." वरच्यांना ती सुटसुटीत वाटते. मला पटत नाहीये, पण बैठकीत नेमकं काय बोट दाखवायचं ते सुचत नाही.

सोबत दोन तांत्रिक प्रश्न. जुन्या नोंदी काढायला रात्रीचा डिलीट जॉब लावला तर टेबल डिस्कवर लहान होत नाही, उलट जॉब चालू असताना बाकीचं सगळं रखडतं. हे कसं सोडवायचं? आणि 365 मधला लॉग आपोआप किती दिवस राहतो? तो बाहेर काढून ठेवावा लागतो का?

---

मुदतमोजणी:

बैठकीत पहिला प्रश्न हा विचारा: 3 वर्षं कधीपासून? ग्राहकाची नोंद झाली तेव्हापासून, शेवटच्या व्यवहारापासून की खातं बंद झाल्यापासून? पॉलिसीत हे लिहिलेलं नसेल तर कोड लिहिणारा रेकॉर्ड तयार झाल्याची तारीख धरतो, कारण तोच कॉलम प्रत्येक टेबलात हमखास असतो. मग दर महिन्याला माल नेणारा चालू ग्राहकसुद्धा 3 वर्षं भरली की उडतो. म्हणून डेटाच्या प्रत्येक प्रकारासमोर मुदत आणि ती मुदत सुरू करणारी घटना, दोन्ही लिहा. ती घटना कोणत्या टेबलातल्या कोणत्या कॉलमवरून ओळखायची तेही लिहा. असा कॉलमच नसेल तर (खातं बंद झाल्याची तारीख बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये नसते) ती पॉलिसी चालवता येणार नाही, हे तिथेच कळतं.

दुसरं म्हणजे, "लॉगलाही तीच मुदत" याचे दोन अर्थ निघतात. एक, लॉगमधली प्रत्येक नोंद आपल्या तारखेपासून 3 वर्षं राहील. दोन, रेकॉर्ड गेलं की त्याचा लॉगही जाईल. दुसऱ्या अर्थाने अंमल झाला तर रेकॉर्ड नियमाप्रमाणे उडवलं याचा पुरावाही रेकॉर्डबरोबरच उडतो. ऑडिट टेबलातून ग्राहक टेबलाकडे फॉरेन की (एका टेबलातली रो दुसऱ्यातल्या रोशी बांधणारा दुवा) असेल आणि तिच्यावर डिलीट कॅस्केड (मूळ रो गेली की जोडलेल्याही जातात) असेल, तर हे कोणी न ठरवताच होतं. आजच तपासा. ऑडिट टेबलात फॉरेन की ठेवूच नका. ऑब्जेक्टचा प्रकार आणि आयडी साध्या कॉलममध्ये ठेवा, म्हणजे मूळ रो नसली तरी नोंद उभी राहते.

मग लॉग जास्त काळ ठेवू, असं कोणीतरी म्हणेल. तिथे तिसरी अडचण: तुमच्या लॉगमध्ये आधीची आणि नंतरची व्हॅल्यू आहे. म्हणजे ग्राहकाचं नाव, फोन, पत्ता यांची प्रत लॉगमध्ये आहे. मुख्य टेबलातून ग्राहक काढला आणि लॉग 7 वर्षं ठेवला, तर ग्राहक गेलाच नाही, फक्त जागा बदलून बसला.

यावर माझ्या मते एकच नीट उपाय आहे: नोंदीचे दोन भाग करा.

पहिल्या भागात इव्हेंट आयडी, वेळ (कायम यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत), करणाऱ्याचा आयडी, कृती, ऑब्जेक्टचा प्रकार व आयडी, बदललेल्या फील्डची फक्त नावं, आयपी पत्ता, रिक्वेस्ट आयडी, आणि कृती यशस्वी झाली की नाकारली गेली. यात ग्राहकाबद्दल मजकूर नसतो, म्हणून याची मुदत मोठी ठेवता येते.

दुसऱ्या भागात, वेगळ्या टेबलात, जुन्या-नव्या व्हॅल्यू. इव्हेंट आयडीने जोडलेल्या. याला मूळ डेटाचीच मुदत, आणि ग्राहक उडवला की यातल्या त्याच्या व्हॅल्यूही त्याच जॉबमध्ये जायला हव्यात. पासवर्ड, टोकन, कार्ड क्रमांक यांच्या व्हॅल्यू कुठल्याच भागात नकोत. "बदलला" एवढंच पुरे.

पहिल्या भागातही सगळ्या कृतींना एकच मुदत देण्यात अर्थ नाही. परवानग्यांतले बदल, मोठे एक्सपोर्ट, डिलीट, आणि खुद्द रिटेन्शनच्या सेटिंगमधले बदल या नोंदी कमी असतात आणि वर्षांनंतर लागतात, त्या सर्वांत जास्त काळ ठेवा. लॉगिनसाठी 1 वर्ष बहुतेकांना पुरतं. "रेकॉर्ड उघडून पाहिलं" या नोंदींचा ढीग सर्वांत मोठा आणि सर्वांत लवकर निरुपयोगी होतो. कार्डाचे पैसे घेत असाल तर पीसीआय डीएसएस या कार्ड-सुरक्षेच्या मानकाचा नियम आहे: ऑडिट लॉग किमान 12 महिने, त्यातले अलीकडचे 3 महिने लगेच शोधता येतील असे. तुम्हाला लागू असलेल्या कायद्याने किमान मुदत दिली असेल तर तिच्याखाली जायचं नाही. त्यावर किती ठेवायचं हे मात्र तुम्हाला कारणासह लिहावं लागेल.

---

टपलगोळा:

डिलीट जॉबबद्दल. पोस्टग्रेसमध्ये डिलीटने रो लगेच नाहीशी होत नाही, ती मृत म्हणून खुणावली जाते. व्हॅक्यूम (मृत रो साफ करणारी प्रक्रिया) नंतर ती जागा त्याच टेबलाला पुन्हा वापरायला मोकळी करतो. ऑपरेटिंग सिस्टीमला ती सहसा परत मिळत नाही, फक्त फाइलच्या शेवटाची पानं पूर्ण रिकामी असतील तर तेवढी कापली जातात. व्हॅक्यूम फुल जागा परत देतो, पण तोवर पूर्ण टेबलावर कुलूप असतं आणि नवी प्रत लिहिण्याइतकी मोकळी डिस्क लागते. लाखो रो एका फटक्यात डिलीट केल्या की डब्ल्यूएएल (डेटाबेस आधी लिहितो ती बदलांची नोंदवही) फुगतो, रेप्लिका (डेटाबेसच्या चालू प्रती) मागे पडतात आणि ऑटोव्हॅक्यूम तासन् तास त्यातच अडकतो. तुमचं रखडणं हेच.

टेबलाचे वेळेनुसार तुकडे (पार्टिशन) पाडा, महिन्याला एक. मुदत संपलेला महिना डिटॅच करायचा (मुख्य टेबलापासून सुटा करायचा), त्याच्या नोंदी डेटाबेसबाहेरच्या संग्रहात गेल्याची खात्री करायची, मग ड्रॉप, म्हणजे तो तुकडाच काढून टाकायचा. आवृत्ती 14 पासून कन्करंट डिटॅच आहे, त्यामुळे चालू क्वेरी अडत नाहीत. पण डिफॉल्ट पार्टिशन (कुठल्याच महिन्यात न बसणाऱ्या नोंदींसाठीचं) बनवलेलं असेल तर कन्करंट डिटॅच चालत नाही, हे आधी माहीत असू द्या. प्रायमरी कीमध्ये (प्रत्येक रो वेगळी ओळखणाऱ्या कॉलमांत) पार्टिशनचा कॉलम, म्हणजे वेळ, घालावीच लागते. पुढचे महिने आधी तयार करून ठेवणारा जॉब हवा आणि तो बंद पडला तर अलार्म हवा, कारण पार्टिशन नसेल तर इन्सर्ट फेल होतो, आणि ऑडिट इन्सर्ट ऑर्डरच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं एकत्र होतं किंवा काहीच होत नाही अशा गटात) असेल तर महिन्याच्या 1 तारखेला ऑर्डरच घेता येत नाहीत.

वर कृतीनुसार वेगवेगळ्या मुदती सुचवल्यात. एकाच महिन्याच्या पार्टिशनमध्ये 6 महिन्यांच्या आणि 7 वर्षांच्या नोंदी मिसळल्या तर पुन्हा रो-रो डिलीट करायची वेळ येते. म्हणून पहिली पातळी मुदतीच्या वर्गाची (लांब, मध्यम, लहान) आणि तिच्याखाली महिना. वर्ग नोंद लिहितानाच ठरवा, नंतर नाही.

हिशोब: नोंद सरासरी 1.2 केबीची धरली तर 2 लाख नोंदी म्हणजे दिवसाला 240 एमबी, वर्षाला 88 जीबीच्या आसपास, इंडेक्स वेगळे. व्हॅल्यूंचा भाग बाजूला काढल्यावर उरलेली नोंद बरीच लहान होते. वेळेच्या कॉलमवर नेहमीच्या बी-ट्रीऐवजी ब्रिन इंडेक्स (पानांच्या गटागणिक फक्त सर्वांत लहान-मोठी व्हॅल्यू ठेवणारा) लावा. नोंदी वेळेच्या क्रमानेच येतात, त्यामुळे तो चालतो आणि आकाराने नगण्य असतो. करणारा आणि ऑब्जेक्ट आयडी यांवर मात्र साधे इंडेक्स लागतीलच.

आता एक खोच, जी बहुतेक ठिकाणी सुटलेली दिसते. पोस्टग्रेसचं नाऊ हे फंक्शन ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ देतं, कमिटची (ते पक्कं झाल्याची) नाही. 10:00 ला सुरू झालेलं ट्रान्झॅक्शन 10:20 ला कमिट झालं तर त्याची ऑडिट नोंद 10:00 ची म्हणून 10:20 ला दिसायला लागते. संग्रहात नोंदी नेणारा तुमचा एक्सपोर्ट "शेवटच्या वेळेनंतरचं सगळं आण" असा चालत असेल आणि तो 10:15 पर्यंतचं घेऊन पुढे गेला असेल, तर ही नोंद संग्रहात कधीच पोचत नाही. क्रमांकावरून आणलं तरी तेच, सिक्वेन्सचा (आपोआप चढत्या आकड्यांचा) क्रम म्हणजे कमिटचा क्रम नव्हे. दर वेळी थोडं मागे जाऊन वाचा (सर्वांत लांब ट्रान्झॅक्शनपेक्षा जास्त), आणि संग्रहात इव्हेंट आयडीवरून दुबार नोंदी गाळा. पार्टिशन ड्रॉप करण्याआधी दोन्हीकडची संख्या जुळवा. जुळली नाही तर ड्रॉप नाही, इतकं सरळ.

ट्रिगरने (टेबल बदललं की डेटाबेस आपोआप चालवतो त्या कोडने) लॉग लिहीत असाल तर आणखी एक. ॲप्लिकेशन एकाच डेटाबेस युजरने जोडलेलं असतं, त्यामुळे ट्रिगरला "कोणी" कळत नाही. खरा युजर ट्रान्झॅक्शनपुरत्या सेटिंगमधून द्या. सेशनभरासाठी दिला आणि मध्ये पूलर (डेटाबेसच्या जोडण्या अनेकांत वाटून वापरणारा) असेल तर एकाच्या नावावर दुसऱ्याची कृती चढते. नोंदच नसणं परवडलं, चुकीच्या नावाची नोंद त्याहून वाईट.

---

टेनंटपाळ:

365 चं सांगतो. स्टँडर्ड ऑडिटमध्ये नोंदी 180 दिवस राहतात. 17 ऑक्टोबर 2023 पूर्वी ही मुदत 90 दिवस होती, त्यामुळे जुन्या लेखांत 90 चा आकडा दिसेल. प्रीमियम ऑडिटमध्ये (ई5 हे वरच्या पातळीचं लायसन्स किंवा त्याचं ॲड-ऑन) एक्स्चेंज, शेअरपॉइंट, वनड्राइव्ह आणि एन्ट्रा आयडी (मायक्रोसॉफ्टची लॉगिनची यंत्रणा) यांच्या नोंदी 1 वर्ष. 10 वर्षांसाठी वेगळं ॲड-ऑन लायसन्स. मुदत ठरते ती कृती करणाऱ्याच्या लायसन्सवरून. एकाच फाइलला दोघांनी हात लावला, एकाचं लायसन्स ई5 आणि दुसऱ्याचं ई3, तर एकाची नोंद वर्षभर दिसते आणि दुसऱ्याची 180 दिवसांनी गायब. तपासात असा अर्धवट लॉग समोर आला की माणसं भलतेच निष्कर्ष काढतात.

एन्ट्राच्या स्वतःच्या पोर्टलमधले साइन-इन लॉग वेगळे: फुकट पातळीवर 7 दिवस, पी1 किंवा पी2 लायसन्स असेल तर 30 दिवस.

बाहेर काढायचे का? 180 दिवसांपेक्षा जास्त हवे असतील तर हो. मॅनेजमेंट ॲक्टिव्हिटी एपीआयने (प्रोग्रामने लॉग ओढायची मायक्रोसॉफ्टची सोय) सतत ओढून आपल्या साठ्यात टाका. त्या एपीआयवर मजकूर 7 दिवसच उपलब्ध असतो, म्हणजे तुमचा ओढणारा जॉब आठवडाभर बंद राहिला तर त्या वाटेने भोक बुजत नाही. पोर्टलमधून शोधून, एक्सपोर्ट करून भरावं लागतं. पॉवरशेलच्या (मायक्रोसॉफ्टच्या कमांड लिहायच्या साधनाच्या) सर्चने काढणार असाल तर एका कॉलला जास्तीत जास्त 5,000 आणि एका सेशनला 50,000 नोंदी. वेळेचे तुकडे लहान करा. तुकड्याची संख्या बरोबर 50,000 आली तर ती पूर्ण आहे असं समजू नका, ती कापलेली आहे.

ऑडिटिंग चालू आहे का ते एकदा स्वतः पाहा. एक्स्चेंज ऑनलाइनच्या पॉवरशेलमधून ॲडमिन ऑडिट लॉग कॉन्फिग वाचा आणि युनिफाइड ऑडिट लॉग इन्जेशन हे ट्रू आहे का बघा. हीच कमांड सिक्युरिटी अँड कंप्लायन्सच्या पॉवरशेलमधून चालवली तर चालू असूनही उत्तर फॉल्स येतं. त्यावरून घबराट झालेली बरीच पाहिली आहे.

आणि ऑडिट लॉगची मुदत व मेल-फाइल्सची रिटेन्शन पॉलिसी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पर्व्ह्यूच्या (मायक्रोसॉफ्टच्या डेटा-नियमांच्या) एकाच पोर्टलमध्ये असल्या तरी. मेल-फाइल्सवर एकाहून जास्त पॉलिसी लागल्या तर ठेवणं हे डिलीटवर मात करतं, आणि ठेवण्याच्या मुदतींत सर्वांत लांब जिंकते. नवी पॉलिसी किंवा बदल सगळीकडे पोचायला 7 दिवसांपर्यंत लागू शकतात, तेव्हा तासाभरात "चालत नाही" म्हणून दुसरी वर चढवू नका. प्रिझर्व्हेशन लॉक लावला तर पॉलिसी बंद करता येत नाही, मुदत कमी करता येत नाही, फक्त वाढवता येते. तो पर्याय खरोखर मागितला असेल तरच लावा.

---

फाईलकपाट:

नोंदीचे दोन भाग आणि वर्गानुसार पार्टिशन, हे करतो. दोन शंका उरल्या. डेटाबेस ॲडमिन ऑडिट टेबलात हवं ते बदलू शकतो. प्रत्येक नोंदीत मागच्या नोंदीचा हॅश (मजकुरावरून मोजलेला ठसा, मजकूर बदलला की तोही बदलतो) घातला तर ते थांबेल का? आणि बॅकअप 1 वर्ष ठेवतो, मग डिलीट झालेला ग्राहक बॅकअपमध्ये राहणारच. त्याचं काय?

---

साखळीतोड:

हॅशने बदल थांबत नाही, उघडकीला येतो. तोही शेवटचा हॅश त्या माणसाच्या आवाक्याबाहेर असेल तरच. ज्याला टेबलात लिहिता येतं त्याला पुढची सगळी साखळी नव्याने मोजून लिहिताही येते.

शिवाय नोंदीला नोंद जोडायची म्हणजे प्रत्येक इन्सर्टला आधीच्याची वाट पाहावी लागते. दिवसाला 2 लाखांना चालेल, गर्दीच्या तासात बोंब होईल. त्यापेक्षा दर तासाला त्या तासाच्या नोंदींचा एक गठ्ठा, गठ्ठ्याचा हॅश, त्यात मागच्या गठ्ठ्याचा हॅश, आणि तो बाहेर, वेगळ्या खात्यात. ॲमेझॉनच्या क्लाउडमधलं क्लाउडट्रेल (तिथली ऑडिट लॉगची सेवा) लॉग फाइल्ससाठी तासाला डायजेस्ट, म्हणजे हॅशची फाइल, बनवतं ते याच धर्तीवर. हॅश मूळ मजकुरावर काढला आणि मजकूर जेसनबी या पोस्टग्रेसच्या प्रकाराच्या कॉलममध्ये ठेवला तर पडताळणी फसते: जेसनबी कीचा क्रम आणि मोकळ्या जागा जपत नाही. मूळ मजकूर टेक्स्ट म्हणून ठेवा, नाहीतर हॅशआधी की ठरावीक क्रमाने लावा. हॅश पहिल्या भागाचाच काढा. व्हॅल्यूंचा भाग आधी उडणार आहे, तो हॅशमध्ये घेतला तर पहिल्याच डिलीटनंतर पडताळणी कायमची लाल. जुनं पार्टिशन काढताना त्याचा शेवटचा गठ्ठा-हॅश जपून ठेवा, पुढच्या साखळीची सुरुवात तिथून होते.

परवानग्या: ॲप्लिकेशनच्या युजरला इन्सर्टच द्या. अपडेट आणि डिलीट काढताना ट्रंकेट (टेबल एकदम रिकामं करणं) विसरलं जातं, ती वेगळी परवानगी आहे. टेबलाचा मालक तोच युजर असेल तर काढलेलं सगळं तो स्वतःला परत देऊ शकतो, म्हणून मालक वेगळा. सुपरयुजरपुढे (सगळे अधिकार असलेल्या डेटाबेस ॲडमिनपुढे) यातलं काहीच टिकत नाही. त्याच्यासाठी प्रत बाहेर हवी: ॲमेझॉनच्या एस3 साठ्यावर ऑब्जेक्ट लॉक, म्हणजे ठरलेल्या मुदतीपर्यंत फाइल उडवू न देणारं कुलूप. गव्हर्नन्स मोडमध्ये खास परवानगी असलेला माणूस कुलूप ओलांडू शकतो. कंप्लायन्स मोडमध्ये मुदत संपेपर्यंत रूट खात्यालाही ती आवृत्ती उडवता येत नाही. म्हणूनच कंप्लायन्स मोडमध्ये व्हॅल्यूंचा भाग चुकूनही टाकू नका. एखाद्याचा पत्ता 7 वर्षांसाठी कुलपात गेला तर तो काढायला तुमच्याकडे किल्ली नसते. आधी गव्हर्नन्समध्ये, लहान मुदतीने, पूर्ण चक्र चालवून पाहा.

---

मुदतमोजणी:

बॅकअपमधून एकेक ग्राहक उपसून काढायच्या फंदात पडू नका. बॅकअप फाइल उघडून बदलली की ती बॅकअप म्हणून विश्वासार्ह राहत नाही. डिलीट झालेल्यांची यादी वेगळी ठेवा: ऑब्जेक्टचा प्रकार, आयडी, डिलीटची वेळ, कोणत्या नियमाने. नाव-फोन काही नाही. ही यादी मुख्य डेटाबेसच्या बाहेर हवी, कारण जुना बॅकअप चढवला की आतली यादीही जुनीच येते. रिस्टोअरच्या पायऱ्यांत हे बसवा: डेटाबेस उभा केला, यादी पुन्हा चालवली, मगच ॲप्लिकेशन सुरू. यादीची मुदत सर्वांत जुन्या बॅकअपपेक्षा जास्त, तुमच्या बाबतीत 1 वर्षाहून अधिक. पॉलिसीतही "3 वर्षांनी डिलीट" असं न लिहिता "3 वर्षांनी चालू यंत्रणेतून, त्यानंतर जास्तीत जास्त 1 वर्षात बॅकअपमधून" असं लिहा. तेच खरं आहे.

तुमच्या मसुद्यात होल्ड कुठेच नाही. वाद, तपास किंवा दावा चालू असताना त्यातल्या ग्राहकाचा डेटा मुदत संपली तरी हलता कामा नये. वेगळं होल्ड टेबल करा: कोणावर, कोणी लावला, कधी, कशासाठी, कधी उठवला. ग्राहक टेबलात नुसता होय-नाही कॉलम ठेवलात तर दोन वेगवेगळ्या कारणांचे दोन होल्ड असताना एक उठवला की दुसराही उठतो. डिलीट जॉबने होल्ड त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये तपासायचा, रात्री आधी काढलेल्या यादीवरून नाही. ऑडिटचे व्हॅल्यू-पार्टिशन ड्रॉप करतानाही तपासायचा. ड्रॉपला रो दिसत नाहीत, म्हणून होल्डखालच्या नोंदी आधी वेगळ्या टेबलात उचलून ठेवाव्या लागतात. हे काम बहुतेक जण विसरतात.

जॉब पहिल्यांदा फक्त मोजण्याच्या मोडमध्ये चालवा: कोणत्या नियमाने किती रेकॉर्ड जातील, त्यांतली सर्वांत नवी तारीख कोणती. त्या सर्वांत नव्या तारखेकडे नीट बघा, नियमातली चूक तिथे लगेच दिसते. खरा जॉब चालू केल्यावर एका फेरीत किती उडवायचं याला वरची मर्यादा घाला, आणि ती ओलांडली तर जॉबने काहीही न उडवता थांबून कळवायचं. कोणीतरी 36 महिन्यांऐवजी 36 दिवस टाईप केलं, तर मध्ये येणारी गोष्ट ही मर्यादाच. मर्यादा बदलायला दोघांची मंजुरी हवी, आणि त्या बदलाची नोंद लांब मुदतीच्या वर्गात.